काकूंनी उचललेलं पिल्लू

फार पूर्वी, माणसाने पहिली होडी पाण्यात लोटली त्याच्याही आधी, उत्तरेच्या थंड समुद्राला एक किनारा होता आणि त्या किनाऱ्यावर तीन जमाती राहत होत्या. तिघांचं मूळ एकच, असं जुनी मंडळी सांगत. कुणी एक चार पायांची आजी म्हणे एके दिवशी मासे खायला पाण्यात उतरली आणि तिकडेच रमली. तिच्या नातवंडांचे पाय वल्ह्यांसारखे झाले, अंगावर चरबी चढली, आणि समुद्र त्यांचं घर झाला. पुढे भाऊबंदांत वाटण्या झाल्या. वाटण्या झाल्या की चुली वेगळ्या होतात आणि चुलींबरोबर रीतीही वेगळ्या होतात, तसंच इथेही झालं.

खडकांवर समुद्रसिंह राहत. पुढचे दोन पाय टेकून आणि मागचे दोन पोटाखाली घेऊन ते चांगले चार पायांवर चालत, आणि त्याचा त्यांना फार ताठा होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिमटीत मावतील एवढे कान होते. तोंडाला मात्र विश्रांती नव्हती. एका खडकावर शंभर जण बसत आणि शंभरही एकदम बोलत.

त्यांच्या शेजारी, गोट्यांच्या उतारावर, वॉलरस पडलेले असत. पडलेले म्हणजे एकमेकांच्या अंगावर, पोत्यांची थप्पी लावावी तसे. ओठांवर केरसुणीसारख्या मिशा आणि मिशांतून खाली आलेले हातभर लांब सुळे. भूक लागली की समुद्राच्या तळाशी जायचं, मिशांनी चिखल चाचपून शिंपले शोधायचे, आतलं मऊ तेवढं ओढून खायचं, मग सुळे बर्फात रोवून अंग वर ओढायचं आणि पुन्हा थप्पीत शिरायचं, हा त्यांचा दिवस.

आणि खाडीच्या तोंडाशी, बर्फाच्या पट्ट्यावर, सील राहत. बाहेरून पाहिलं तर त्यांना कान दिसतच नसत. मागचे पाय पुढे वळत नसत, म्हणून बर्फावर ते पोटावर घसटत चालत. समुद्रसिंहांची पोरं त्यांची नक्कल करून हसत. पाण्यात शिरल्यावर मात्र सील कुठे गेला हे त्या पोरांच्या बापालाही कळत नसे. सील बोलत कमी, एकमेकांपासून अंतर राखून बसत, आणि विचारल्याशिवाय काही सांगत नसत. खरं तर विचारल्यावरही फारसं सांगत नसत.

अशी तीन घरं शेजारी शेजारी. त्यांची भांडणं होत नसत, कारण बोलणंच होत नसे. एकमेकांविषयी मात्र भरपूर बोलणं होई. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे तेव्हाही चालत होतं.

तरीही तक्रार निघालीच तर तिची सोय होती. ओहोटीला पाणी मागे सरलं की मधला एक सपाट कातळ उघडा पडे. ज्याला काही बोलायचं असेल त्याने त्या कातळावर यावं, बोलावं, आणि भरतीचं पाणी पोटाला लागलं की गप्प व्हावं. त्यामुळे तिथे कुणाचंही भाषण लांबत नसे. ही सोय आजही कुठे असती तर बरं झालं असतं.

त्या किनाऱ्याचा आणखी एक रिवाज होता. टाकून दिलेलं पिल्लू जो उचलेल त्याचं. रिवाज चांगला होता. त्याने कितीतरी पोरकी पिल्लं जगली होती.

आता काकूंविषयी. काकू म्हणजे समुद्रसिंहांच्या खडकावरची एक प्रौढ बाई. मन लोण्यासारखं आणि जीभ कात्रीसारखी. कुणाच्या पोराला खरचटलं की पहिल्या काकू धावत, आणि त्याच्या आईला चार शब्द सुनावल्याशिवाय परत फिरत नसत. पोरं कशी वाढवावीत हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. समजूत अगदीच खोटी नव्हती. त्यांची सात पिल्लं धडधाकट वाढली होती.

समुद्रसिंहांची रीत अशी, की आईने पिल्लाला खडकावर इतर पिल्लांत ठेवायचं आणि मासे खायला समुद्रात जायचं. तीन दिवस, कधी चार दिवस. परत आली की खडकावर उभं राहून हाक मारायची. शेकडो पिल्लांच्या कलकलाटातून आपलं पिल्लू ओ देतं, ती ओ आईला ओळखू येते, मग दोघं एकमेकांकडे धावतात आणि पिल्लू पोटभर पितं. असं वर्षभर चालतं.

त्या वर्षी काकूंच्या धाकट्या लेकीने दूध सोडलं. एक दिवस ती तोंडात मासा धरून आली आणि म्हणाली, "आई, आता नको. मला लाज वाटते." काकू हसल्या, "बरं झालं गं बाई, सुटले," असंही म्हणाल्या. पण नवं पिल्लू त्या वर्षी झालं नव्हतं, अंगात दूध होतं आणि दिवस रिकामा होता. त्या दिवसभर खडकावर येरझाऱ्या घालू लागल्या आणि शेजारणींना सल्ले देऊ लागल्या. शेजारणी काकू दिसल्या की पाण्यात उतरू लागल्या.

अशाच एका सकाळी काकूंना बर्फाच्या पट्ट्यावर एक पिल्लू दिसलं. पांढरंशुभ्र, गोल, डोळे काळेभोर. सीलचं होतं आणि एकटंच होतं.

काकू थांबून पाहत राहिल्या. दुपार झाली, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू तोंड वर करून रडायला लागलं, आणि ते रडणं काकूंच्या काळजात शिरलं. थोडं पुढे एक म्हातारा सील ऊन खात पडला होता. काकू त्याच्याकडे गेल्या.

"ते पिल्लू कुणाचं आहे हो?"

सीलने एक डोळा उघडला. "आता ते त्याचं त्याचंच."

"म्हणजे? त्याची आई कुठे आहे?"

"गेली," म्हातारा म्हणाला, आणि त्याने डोळा मिटून घेतला.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढंसं पिल्लू, जन्मून वीस दिवसही झाले नसतील, आणि आई गेली. तीन दिवसांनी परत येण्यासाठी नाही, कायमचीच गेली. काकूंनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी पिल्लाची मानगूट अलगद तोंडात धरली आणि त्याला ओढत ओढत आपल्या खडकावर नेलं. वाटेत त्यांना दोनदा बसावं लागलं, इतकं ते जड होतं. एवढं जड पिल्लू उपाशी कसं असेल, हा विचार काकूंच्या मनात आला नाही. माया उतू जात असली की बारीकसारीक विचार वाहून जातात.

पिल्लू आधी बिचकलं, मग त्याला दुधाचा वास आला आणि ते प्यायला लागलं. काकूंनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं. त्याच्या गोलपणावरून त्यांनी त्याचं नाव लोण्या ठेवलं.

लोण्या प्यायचा आणि झोपायचा. त्याचे पांढरे केस झडले आणि खालून करड्या रंगाचं ठिपक्याठिपक्यांचं अंग निघालं. काकू त्याला चार पायांवर उभं राहायला शिकवू लागल्या. तो उभा राही आणि धपकन पोटावर पडे. काकू त्याला हाकेला ओ द्यायला शिकवू लागल्या. तो नुसता टुकूटुकू बघत राही. खडकावरची पोरं हसली की काकू त्यांच्यावर वस्सकन ओरडत. "तुम्ही काय जन्मल्याबरोबर चालायला लागला होता काय रे?"

रोज सकाळी लोण्या घसटत घसटत पाण्याच्या कडेला जाई आणि नाक बुडवून पाही. काकू त्याला मागे ओढत. "पाणी कुठे पळून जात नाही. आधी पी." मग तो पिऊन झोपे आणि पाणी राहून जाई.

इकडे बर्फाच्या पट्ट्यावर सीलांची आणखी वीस-पंचवीस पिल्लं होती. त्यांच्याही आया गेल्या होत्या. ती पिल्लं चार दिवस रडली, मग गप्प झाली. अंगावरची चरबी उतरू लागली तशी ती चुळबुळ करू लागली, पाण्यात पडली, घाबरून वर आली, पुन्हा पडली. काकू दुरून बघत आणि हळहळत. "बरगड्या दिसायला लागल्या बिचाऱ्यांच्या. मला एकटीला किती जणांना पुरं पडणार?" मग त्या लोण्याच्या गुटगुटीत अंगाकडे पाहत आणि त्यांना धन्य वाटे.

महिना गेला. दक्षिणेचा उबदार वारा सुटला आणि बर्फाच्या पट्ट्याला भेगा पडू लागल्या. एका दुपारी काकूंनी पाहिलं तर ती हडकुळी पिल्लं पाण्यात सूर मारत होती आणि वर येताना त्यांच्या तोंडात जवळा वळवळत होता. दुसऱ्या दिवशी ती सगळी निघून गेली. पट्टा रिकामा झाला.

समुद्रसिंहांचीही निघायची वेळ जवळ आली. दर वर्षी पुनवेच्या भरतीला ते दक्षिणेच्या खडकांकडे जात. तीन दिवसांचं पोहणं होतं. इथले मासे तोवर संपत, आणि मागे जो राही त्याची उपासमार ठरलेली असे. पुनवेला पाच दिवस उरले होते.

"लोण्या, चल रे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्याला पाण्यात ढकललं.

लोण्या तरंगला. नुसता तरंगतच राहिला, भोपळ्यासारखा. चरबी इतकी होती की त्याला खाली जाताच येईना. काकूंनी त्याला आपल्या पद्धतीने पोहून दाखवलं. समुद्रसिंह पुढच्या पायांनी पाणी मागे ढकलतात, पक्षी पंख मारतात तसे. लोण्याने पुढचे आखूड पाय फडफडवले. तो एका जागी गोल फिरला, नाकात पाणी गेलं, ठसका लागला. काकूंनी त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी लोण्या पाणी पाहूनच मागे सरकू लागला.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच काकूंना भीती वाटली. पोर पोसलं होतं खरं, पण त्याला इथून न्यायचं कसं? आणि नेता आलं नाही तर ते या ओसाड खडकावर काय खाणार? भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही. काकूंना त्या न पाहिलेल्या सीलबाईचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला काकू कातळावर जाऊन बसल्या. वॉलरसांमधले सर्वांत म्हातारे, ज्यांना सगळे सुळेआजोबा म्हणत, तेही सावकाश येऊन टेकले. त्यांचा एक सुळा अर्ध्यातून तुटलेला होता आणि मिशा पांढऱ्या पडल्या होत्या. कातळावर तक्रार ऐकायचं काम त्यांच्याकडे होतं.

"आजोबा, त्या सीलबाईला बोलावून घ्या," काकूंनी सुरुवात केली. "पोर जन्माला घालून बर्फावर टाकून गेली. मी उचललं, दूध पाजलं, एवढं मोठं केलं. पण त्याला पोहायला येत नाही. मी शिकवते ते त्याला जमत नाही. तिने यावं आणि हे निस्तरावं. काळजाच्या जागी दगड असलेल्या बायकांनी पोरं होऊच देऊ नयेत."

सुळेआजोबा मिशा हलवत थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, "काकू, एक विचारतो, राग मानू नकोस. आमच्या थप्पीतल्या बायका तुझ्याविषयी काय बोलतात, तुला ठाऊक आहे?"

"माझ्याविषयी?"

"आमच्यात आई पिल्लाला दोन-दोन वर्षं सोडत नाही. पाण्यात उतरली तर पाठीवर घेते, झोपली तर पुढच्या पायांत धरून झोपते. त्या तुझ्याकडे बघतात आणि म्हणतात, ती काकू बघा, चार-चार दिवस पोर उघड्या खडकावर टाकून मासे खायला जाते. काळीज आहे की दगड?"

काकूंचे कान मागे गेले. "कोण म्हणतं असं? मी खाल्लं नाही तर दूध कुठून येईल? आणि मी परत येते. दर वेळी येते. शंभर पोरांतून माझ्या पोराची हाक ओळखते. त्यांना काय ठाऊक आहे माझं?"

"काहीच नाही," आजोबा म्हणाले. "त्यांनी कधी विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. आता सांग, त्या सीलबाईचं तुला काय ठाऊक आहे?"

काकू बोलायला गेल्या आणि थांबल्या. म्हाताऱ्या सीलला आपण दोन प्रश्न विचारले होते, तिसरा विचारला नव्हता, हे त्यांना आठवलं. एवढ्यात पाणी त्यांच्या पोटाला लागलं, आणि त्या दिवशी त्यांना गप्प बसायला रिवाजाची गरज पडली नाही.

सुळेआजोबांनी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सीलबाई आली. ती कातळावर चढली नाही. कातळाच्या मागच्या अंगाला, खडकावरून दिसणार नाही अशा जागी, तिने पाण्यातून नुसतं डोकं वर काढलं.

"इकडे ये की वर," काकू म्हणाल्या.

"नको, काकू. वारा तिकडे वाहतो आहे. त्याला माझा वास येईल."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तरुण होती, पण मानेवरची कातडी सैल लोंबत होती आणि खांद्यांची हाडं वर आली होती. आजारातून उठलेल्या बाईसारखी दिसत होती ती.

"तू आजारी होतीस का?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता.

"नाही. पोर झालं होतं." तिला बोलायची सवय नव्हती हे कळत होतं. "तुमच्यात आई खाऊन येते आणि पाजते. आमच्यात तसं नाही. अठरा दिवस मी त्याच्याजवळून हलले नाही. एक मासा तोंडात घातला नाही. अंगात होतं नव्हतं ते सगळं दुधातून त्याच्या अंगात घातलं. तो दुप्पट-तिप्पट झाला, मी अर्धी झाले. आणखी दोन दिवस थांबले असते तर मी बर्फावरच संपले असते."

"मग खाऊन परत यायचं."

"परत आले तर तो पाण्यात उतरत नाही. आमच्यात पोहायला कुणी शिकवत नाही, काकू. मलाही कुणी शिकवलं नाही. आई अंगावर महिन्याभराची शिदोरी बांधून देते आणि जाते. शिदोरी संपत येते, अंग हलकं होतं, भूक लागते, आणि भूक पाण्यात ढकलते. तोवर बर्फ असतो, दमलं की वर यायला जागा असते. बर्फ वितळायच्या आत सगळं व्हावं लागतं. म्हणून घाई. दूध मिळत राहिलं तर शिदोरी संपतच नाही."

महिनाभर आपण काय केलं हे काकूंना आता कळलं. पण हार मानायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांच्या तोंडून एक वाईट वाक्य निघून गेलं. "तीन दिवस ते पोर तोंड वर करून रडत होतं. बरोबरच आहे म्हणा, तुम्हाला कुठे कान आहेत."

सीलबाई रागावली नाही. "बाहेर नाहीत, काकू. आत आहेत. ते तीन दिवस मी बर्फाच्या कडेखालीच होते. सगळं ऐकलं. मग तुम्ही त्याला घेऊन गेलात, आणि आवाज थांबला."

सुळेआजोबांनी मान दुसरीकडे वळवली. काकूंनी विचारलं, "आता काय करू, ते सांग."

"खाडीच्या टोकाला बर्फाचा एक तुकडा अजून शाबूत आहे. दहा-बारा दिवस टिकेल. त्याला तिथे ठेवा, दूध बंद करा, आणि नजरेआड व्हा. तो रडेल."

"आणि तरीही नाही उतरला तर?"

सीलबाई वळली आणि पाण्याखाली गेली.

काकूंनी लोण्याला पुन्हा मानगुटीला धरून बर्फावर नेलं. त्याला वाटलं, आता दूध मिळणार. काकू मागे वळल्या आणि एका मोठ्या धोंड्याआड जाऊन बसल्या. लोण्या रडू लागला. दिवसभर रडला. काकू मधूनमधून डोकं पाण्यात बुडवत, म्हणजे ऐकू येत नसे. पण पाण्यात किती वेळ राहणार? डोकं वर काढलं की रडणं तिथेच असे. आजवर किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोराच्या रडण्याला काकू धावल्या नाहीत असं झालं नव्हतं. त्या धोंड्याला अंग घासत बसून राहिल्या. मनातल्या मनात त्यांनी सीलबाईला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या, मग पुन्हा सीलबाईला.

दुसऱ्या दिवशी पुनवेची भरती आली. सगळे समुद्रसिंह निघाले. लेकीने येऊन सांगितलं, "आई, चल. मासे संपलेत. इथे राहिलीस तर खाशील काय?"

"तुम्ही व्हा पुढे," काकू म्हणाल्या. "मी मागून येते."

खडक ओस पडला. काकूंना मासे शोधायला दूर जाता आलं असतं, पण त्यांचा पाय निघेना. कसला पहारा करत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण पोर बुडू लागलं तरी धावायचं नाही असं ठरलं होतं. दिवसामागून दिवस गेले. दूध आटलं. मग चरबी उतरू लागली. सुळेआजोबा अधूनमधून येऊन शेजारी टेकत आणि काही न बोलता घोरत. त्याचाही काकूंना आधार वाटे.

पाचव्या दिवशी लोण्याचं रडणं थांबलं. ती शांतता रडण्याहून वाईट होती. काकू अर्ध्या उठल्या. सुळेआजोबांनी डोळे न उघडता आपलं अवजड अंग त्यांच्या वाटेत आडवं केलं, आणि काकू पुन्हा बसल्या.

सातव्या दिवशी लोण्या कडेला आला आणि पाण्यात पडला. तरंगला. काकूंनी शिकवलं होतं तसे पुढचे पाय फडफडवून गोल गोल फिरला आणि कसाबसा वर आला. आपण शिकवलेलंच आता त्याला नडतं आहे, हे काकूंनी डोळ्यांनी पाहिलं. आठव्या दिवशी तो चार वेळा पडला. अंग आता पाण्यात निम्मं बुडत होतं. नवव्या दिवशी पुढचे पाय दमले असावेत. त्याने ते अंगाशी दुमडून घेतले, आणि मागचे पाय आपले आपण डावीकडे उजवीकडे हलले. लोण्या सरळ पुढे सरकला. एकदा, दोनदा. मग तो पाण्याखाली गेला आणि इतका वेळ वर आला नाही, की काकूंनी श्वास रोखून धरला. तो वर आला तेव्हा त्याचं तोंड रिकामं होतं. तो पुन्हा गेला.

अकराव्या दिवशी त्याच्या तोंडात जवळा होता. एवढासा, चिमूटभर. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

त्याच दुपारी बर्फाचा तो तुकडा मधोमध फुटला. लोण्या पाण्यात होता. तो खाडीच्या तोंडाकडे निघाला. वाटेत काकूंच्या धोंड्याजवळून गेला, पण त्याचं लक्ष खाली पळणाऱ्या जवळ्याकडे होतं. पुढे खडकाच्या कोपऱ्याशी एक डोकं पाण्यावर आलं. ती त्याची आई होती. तो तिच्यापासून दोन हातांवरून गेला. त्याने तिला ओळखलं नाही. तिने त्याला ओळखलं आणि ती हलली नाही. लाटांमध्ये त्याची ठिपक्यांची पाठ एकदा दिसली, दोनदा दिसली, मग दिसली नाही.

सीलबाई धोंड्याशी आली. ती पोटावर घसटत वर चढली आणि काकूंसमोर थांबली. एवढ्या दिवसांत तिचं अंग भरत आलं होतं. आता काकूंच्या मानेची कातडी सैल लोंबत होती आणि खांद्यांची हाडं वर आली होती. सीलबाईने तोंडातला एक मोठा मासा काकूंपुढे ठेवला.

"खा, काकू," ती म्हणाली. "तीन दिवस पोहायचंय तुम्हाला."

काकूंनी मासा खाल्ला. खाताना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि सुळेआजोबा पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना म्हणत, की काकू जेवताना गप्प बसलेल्या मी तेवढ्याच एकदा पाहिल्या.

काकू एकट्याच दक्षिणेला गेल्या. पोचेपर्यंत त्यांचे फार हाल झाले, पण त्या पोचल्या. पुढच्या हंगामात परत आल्यावर पहिल्याच ओहोटीला त्या कातळावर जाऊन बसल्या आणि किनाऱ्याचा रिवाज त्यांनी बदलून घेतला. एकटं पिल्लू दिसलं तर उचलायच्या आधी तीन ओहोट्या त्याच्या जमातीला विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्याने डोळा मिटून न घेता नीट सांगायचं. सीलांनाही हे मान्य करावं लागलं, कारण चूक एकट्या काकूंची नव्हती. मग काकू गोट्यांच्या उतारावर गेल्या आणि वॉलरसांच्या बायकांना म्हणाल्या, "माझ्याविषयी जे काही विचारायचं असेल ते आता तोंडावर विचारा. मी सगळं सांगते." त्यांनी इतकं सांगितलं, की भरतीचं पाणी उतारापर्यंत चढलं तरी बायकांची सुटका झाली नाही.

त्यानंतर त्या किनाऱ्यावर खरोखर टाकलेलं एकही पिल्लू मेलं नाही, आणि न टाकलेलं पिल्लू कुणी उचललं नाही.

तात्पर्य: माया घरोघरी असते, पण तिची रीत घरोघरी निराळी असते; म्हणून दुसऱ्याची माया आपल्या मापाने मोजू नये, आधी त्याला विचारावं.